तिळगूळ संपला, आता कडुलिंब घ्या!

संपादक मंडळातल्या मित्राने सांगितलं, "ज्युनियर्ससाठी प्रोग्रामिंगवर काहीतरी लिही. जरा मोटिव्हेशनल!" मी हो म्हटलं, त्याच्याच पैशाने कॅन्टीनमध्ये कटिंग प्यायलो आणि घरी येऊन लिहायला बसलो. दोन तास झाले तरी मोटिव्हेशनल असं काही सुचेना. डोक्यात सारखा एकच प्रसंग येत होता. तेव्हा म्हटलं, तोच लिहावा. मित्रा, सॉरी! चहाचे पैसे परत देईन.

तर मंडळी, झालं असं. गेल्या सेमिस्टरला थर्ड इयरच्या मुलांसाठी इंटर्नशिपला एक कंपनी आली होती. अॅप्टी झाली, मग छोटासा इंटरव्ह्यू. आमच्या उरणचीच एक ज्युनियर त्यात होती. सी चं टर्मवर्क २५ पैकी २४, जर्नल असं की लॅब असिस्टंट इतरांना उघडून दाखवायचे. बाहेर आली ती रडतच. तिला विचारलेला प्रश्न असा: १ ते १०० आकडे छापा. ३ ने भाग जात असेल तर आकड्याऐवजी एक शब्द, ५ ने जात असेल तर दुसरा शब्द, दोन्हींनी जात असेल तर दोन्ही शब्द. बस्स. कागद-पेन दिलं होतं, वेळही दिला होता. तिने वरची इन्क्लुडची ओळ लिहिली, मेन लिहिलं, कंस उघडला... आणि पुढे काही नाही.

संध्याकाळी उरण लोकलमध्ये समोर बसली होती. मी नेहमीचं सुरू केलं, "अगं, होतं असं. तू हुशार आहेस. पुढच्या वेळी नक्की." ती म्हणाली, "दादा, मला प्रोग्रामिंग येत नाही हे तुला माहीत होतं ना? मग दोन वर्षांपूर्वीच का नाही सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण फर्स्ट इयरला तिला माझ्या सगळ्या प्रोग्रामांची फाईल मीच दिली होती. पेन ड्राइव्हमध्ये, वर "टेन्शन घेऊ नकोस, व्हेरिएबलची नावं बदल फक्त" हा आशीर्वाद देऊन. मला वाटलं होतं मी मदत करतोय. खरं तर मी तिची दोन वर्षं खाल्ली.

म्हणून हा लेख. संक्रांतीला आपण सगळे गोड बोलतोच. हा लेख पाडव्याचा समजा. आधी कडुलिंब.

पहिलं पान: तुम्हाला अजून प्रोग्रामिंग येत नाही.

राग आला? येऊ दे. पण एक करा. हा अंक बाजूला ठेवा, वहीचं मागचं पान उघडा आणि वरचा १ ते १०० चा प्रोग्राम लिहा. मोबाईल नाही, शेजाऱ्याकडे बघणं नाही. लिहून झाला की १५ या आकड्याला तुमचा प्रोग्राम काय छापतो ते बोट ठेवून बघा. आधी ३ ची अट तपासून पुढे "नाहीतर ५" असं लिहिलं असेल, तर १५ ला एकच शब्द येईल.

जमलं? छान, तुम्ही पुढची पानं थोडी भरभर वाचलीत तरी चालेल. नाही जमलं? तरी छान, कारण आज तुम्हाला तुमची खरी जागा कळली. टर्मवर्कचे मार्क जर्नल वेळेत दिल्याचे असतात. अटेंडन्सचे असतात. अक्षराचेही असतात. आणि व्हायवाला "आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय" चं उत्तर काय, हे पाठ करून जे मार्क मिळतात, त्यांची तर गंमतच आहे. सी च्या स्टँडर्डप्रमाणे अशा एक्स्प्रेशनला ठरलेलं उत्तरच नाही. एक कंपायलर एक उत्तर देईल, दुसरा दुसरं, आणि दोघंही नियमात. आपण मात्र त्याचं "करेक्ट आन्सर" बॅचमागून बॅच पाठ करत आलोय!

दुसरं पान: एरर आला नाही म्हणजे प्रोग्राम बरोबर, असं नसतं.

इथे मला माझीच फजिती सांगावी लागेल. मी मोऱ्याचा. माहीत नसणाऱ्यांसाठी: उरणचं मोरा बंदर, जिथून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते. बंदरात गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीच्या दिवशी लाँच धक्क्याला लागूच शकत नाही, काही तास सर्व्हिस बंद. त्यामुळे आमच्याकडे भरती-ओहोटीची वेळ लहान पोरालाही लागते. बाबा मच्छीमार बोटीवर तांडेल. त्यांना टाइमटेबल लागत नाही, तिथी लागते. कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशोब आहे: पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. चौथीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

फर्स्ट इयरला मला वाटलं, अरे, हा तर प्रोग्राम आहे! तिथी इनपुट, वेळ आउटपुट. जर्नलमध्ये नसलेला, माझा स्वतःचा असा तो पहिला प्रोग्राम. लिहिलं: वेळ बरोबर तीन भागिले चार गुणिले तिथी. उत्तर शून्य. कुठलीही तिथी द्या, शून्य! मोरा बंदरात कायम बारा वाजता भरती!

दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की सी मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो. तीन भागिले चार म्हणजे शून्य, मग त्याला कशानेही गुणा. मग क्रम बदलला: तिथी गुणिले तीन, भागिले चार. चौथ टाकली, तीन आले. अष्टमी, सहा. द्वादशी, नऊ. झालं की! जग जिंकल्यासारखा लॅपटॉप घेऊन बाबांकडे गेलो. ते जाळं विणत बसले होते. म्हणाले, "पंचमीला किती?" टाकलं. तीन.

"चौथीला तीन आणि पंचमीलाबी तीन? एक दिवस दर्या झोपला व्हता काय?"

मी नेमक्या चारने भाग जाणाऱ्या तिथ्याच तपासल्या होत्या! पंचमीला पंधरा भागिले चार, म्हणजे पावणेचार यायला हवेत, त्यातला पाऊण कापून तीन उरला. व्हेरिएबल फ्लोट केलं होतं, तरी भागाकार आधीच पूर्णांकात झालेला. पंचेचाळीस मिनिटं गायब. कंपायलरने एक शब्द काढला नाही.

तेही दुरुस्त केलं. पंचमीला ३.७५ आले. बाबा म्हणाले, "तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटं? हे कुठलं घड्याळ?" पुन्हा बसलो. शेवटी सुचलं की तासात मोजायचंच कशाला? पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. तिथी गुणिले ४५ करायचं. पंचमीची २२५ मिनिटं. त्याला साठने भागलं की तीन तास, बाकी पंचेचाळीस मिनिटं. ज्या पूर्णांक भागाकाराने मला रडवलं होतं, तोच इथे कामाला आला. त्या रात्री मी पहिल्यांदा प्रोग्रामिंग शिकलो, असं मी म्हणतो.

आणि तरी संपलं नव्हतंच. पंचांगात अमावास्या ३० या आकड्याने लिहितात. ती तशीच टाकली तर प्रोग्राम सांगतो साडेबावीस वाजता. कृष्णपक्षाच्या तिथ्या पुन्हा एकपासून मोजायच्या, अमावास्येला पंधरा धरायचे, हे मला माहीत होतं. पण मी ते प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. वर बाबा म्हणाले, "पुनवेला, आवसेला थोडं पुढं धरावं लागतं." त्यांचंही बरोबर. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि आपला हिशोब धरतो पंचेचाळीस, म्हणजे पंधरवड्याच्या शेवटी फरक साठलेला असणारच. हे कुठल्याही सी च्या पुस्तकात नव्हतं. सातवी शिकलेल्या तांडेलाच्या डोक्यात होतं. प्रोग्राम ज्याच्यासाठी लिहिताय, त्याच्याशी बोला रे! त्याला सिंटॅक्स येत नाही, पण आपलं कुठे चुकलं ते तो पहिल्या मिनिटात सांगतो.

तिसरं पान: मोठ्यांचंही चुकतं, पण ते शोधत बसतात.

४ जून १९९६ ला युरोपचं आरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि साधारण चाळीस सेकंदांत फुटलं. कारण काय? एक ६४ बिटचा फ्लोट १६ बिटच्या पूर्णांकात कोंबला आणि तो मावला नाही. १६ बिटमध्ये ३२७६७ च्या पुढे जाता येत नाही. आपल्या लॅबमधल्या त्या निळ्या टर्बो सी मध्ये इंट तेवढाच असतो. ३२७६७ मध्ये एक मिळवून बघा, थेट उणे ३२७६८ दिसेल. रॉकेटमधला तो भाग आधीच्या आरियान ४ मध्ये नीट चालत होता. नवं रॉकेट जास्त वेगाने वेग घेणारं, आकडे मोठे, आणि त्या आकड्यांवर तो भाग तपासलाच गेला नव्हता. माझ्या चौथ-अष्टमीसारखंच! फक्त माझ्या चुकीने कोणाचं रॉकेट पडलं नाही.

दुसरं उदाहरण बायनरी सर्चचं. सेकंड इयरला आपण दहा मिनिटांत "समजलं" म्हणून पुढे जातो ना, तेच. जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये स्वतःच जाहीर केलं की त्यात सुमारे नऊ वर्षं चूक होती. मधली जागा काढताना लो आणि हाय यांची बेरीज करून दोनने भागायचं, आणि अॅरे फार मोठा असेल तर ती बेरीजच इंटमध्ये मावत नाही. ज्या माणसाचं काम जगभर वापरतात, तो आपली चूक सर्वांसमोर सांगतो. आणि आपण? सरांनी "हे चालतंय का?" विचारलं की पटकन विंडो मिनिमाइज करतो!

चौथं पान: एरर वाचा. अख्खा वाचा.

मी स्वतः दहावीपर्यंत मराठी मीडियमचा. त्यामुळे लाल इंग्रजी ओळी बघून पोटात गोळा येतो तो मला माहीत आहे. पण घाबरू नका, कंपायलरचं इंग्रजी म्हणजे शेक्सपिअर नव्हे. तीच ती वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. एक महिना वहीत लिहून काढा: एरर काय आला, कुठे आला, खरं कारण काय निघालं. अर्धी वही भरायच्या आत तुम्हाला ती भाषा यायला लागेल. एक छोटी गंमत सांगतो. एरर सतराव्या ओळीवर दाखवतोय आणि तिथे काहीच चूक दिसत नाहीये? सोळावी ओळ बघा. तिथला सेमीकोलन विसरलात. कंपायलरला ते पुढचा शब्द वाचल्यावरच कळतं, म्हणून तो पुढच्या ओळीवर बोट दाखवतो. बिचाऱ्याचा दोष नाही.

आणि पहिला एरर आधी. चाळीस एरर आले म्हणून चाळीस चुका झाल्या असं नसतं. वरचा एक दुरुस्त केला की बऱ्याचदा खालचे वीस आपोआप जातात.

पाचवं पान: दुसऱ्याने जेवलं म्हणून आपलं पोट भरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "दादा, कुठल्या जमान्यात आहेस? पेन ड्राइव्ह गेला, आता सगळं एआय लिहून देतं." बरोबर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा मी फर्स्ट इयरलाच होतो. मीही वापरतो, खोटं कशाला बोलू. माझ्या त्या फाईलपेक्षा ते कितीतरी चांगलं लिहितं, आणि न कंटाळता समजावूनही सांगतं. पण मग प्रश्न उरतो: त्याने दिलेलं बरोबर आहे हे कोण ठरवणार? तुमचं पंचांग अमावास्येला ३० लिहितं, हे त्याला कोण सांगणार? ज्याने स्वतः साडेबावीस वाजवून घेतलेत, तोच हा प्रश्न विचारू शकतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. पहिला तास माझा. कागदावर लिहायचं, चुकायचं, पुन्हा लिहायचं. मग कोणालाही विचारा, सीनियरला, पुस्तकाला, मशीनला. आणि उत्तर मिळालं की ते बंद करून स्वतः पुन्हा लिहायचं. जे पुन्हा लिहिता येत नाही, ते तुमचं नाही. हे शिकायच्या वर्षांपुरतं सांगतोय. नोकरीत काय वापरायचं ते तेव्हा बघा.

"माझ्याकडे चांगला लॅपटॉप नाही" हेही कारण नको. मुंबईत टीआयएफआर मध्ये आर. नरसिंहन यांच्या टीमने टिफ्रॅक हा कॉम्प्युटर बांधला, १९६० मध्ये तो पूर्ण सुरू झाला. मेमरी होती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. गुणाकार करून बघा, दहा केबी होतात! मोबाईलमधल्या एका फोटोतही त्यापेक्षा कितीतरी जास्त मावतं. प्रोग्राम कागदी टेपवर भोकं पाडून द्यायचा. असं असलं की माणूस आधी विचार करतो आणि मग रन करतो. आपण उलटं करतो. आधी रन, मग घाबरून काहीतरी बदल, पुन्हा रन, चाललं की सबमिट!

शेवटचं पान: हे सीनियर्ससाठी.

कडू बोलणं आणि अपमान करणं यात फरक आहे, आणि तो आपल्यातले बरेच जण विसरतात. "तुला एवढंही येत नाही?" हा सल्ला नव्हे, ही स्वतःची शेखी. "तुझ्या प्रोग्रामला पंचमी देऊन बघ" हा सल्ला. बाबांनी मला एकदाही मूर्ख म्हटलं नाही. फक्त एकेक तिथी विचारत गेले. पण ती विचारायची त्यांनी टाळली असती, "वा, पोरगा इंजिनियर झाला" म्हणून पाठ थोपटली असती, तर मी आजही चौथ-अष्टमीवर खूश असतो. आणि ते एक वाक्य म्हणाले ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "पोरा, दर्याला तुझी डिग्री दिसत नाय."

तेव्हा सीनियर मित्रांनो, फाईल देणं बंद करा. एक तास द्या. मला ठाऊक आहे, फाईल द्यायला दोन मिनिटं लागतात आणि आपण लगेच हिरो होतो. तासभर शेजारी बसून गप्प राहणं आणि त्याला चुकू देणं फार अवघड आहे. हात शिवशिवतो. तरी कीबोर्ड ओढून घेऊ नका.

आणि ज्युनियर्स, आणखी एक खरं सांगतो. तीन-चार महिने प्रामाणिकपणे बसूनही तुम्हाला यात अजिबात मजा वाटली नाही, तर तसं मान्य करण्यात लाज नाही. इंजिनियरिंगमध्ये करण्यासारखं खूप आहे. पण "मला येत नाही" हे ठरवायच्या आधी एकदा तरी स्वतःचा, जर्नलमध्ये नसलेला प्रोग्राम लिहा. घरच्या दुकानाच्या उधारीचा, एसटीच्या सुट्ट्या पैशांचा, कशाचाही. घरातल्याच कोणालातरी तो मोडायला द्या.

ती ज्युनियर? त्या दिवसानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग एका शनिवारी लॅबमध्ये आली, तोच १ ते १०० चा प्रोग्राम घेऊन. १५ ला एकच शब्द येत होता. मी काही बोलणार इतक्यात म्हणाली, "थांब, सांगू नकोस." वीस मिनिटं बसली. अट वर सरकवली. चाललं. इंटर्नशिप तिला अजून मिळालेली नाही, हेही सांगतो, नाहीतर पुन्हा गोड बोलल्यासारखं होईल. पण आता ती माझ्याकडे फाईल मागत नाही.

शनिवारी दुपारी मी लॅबमध्ये असतो. या. येताना स्वतः लिहिलेला आणि न चालणारा प्रोग्राम घेऊन या. चालणारा, कोणाचातरी, नको.

– अंतिम वर्ष, कॉम्प्युटर (मोरा, उरण)